प्युमिसच्या मातीत लावलेली चाळीस रोपं का गेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओरेगनमध्ये बेंडच्या दक्षिणेला, ला पाइनच्या बाजूला तुम्ही पाच एकर जागेसकट घर घेतलं. जागेत मोठे पाइन वीस-पंचवीस पावलांवर एकेक उभे आहेत आणि मधे करड्या-हिरव्या झुडपांशिवाय फारसं काही नाही. जमीन उजाड वाटली म्हणून दोन वर्षांत चाळीस रोपं लावलीत, त्यातली छत्तीस गेली. ज्वालामुखीची माती म्हणजे आपल्या काळ्या मातीसारखी कसदार असणार, मग चुकलं कुठे? आणि आता झुडपं उपटून नव्याने लावणी करावी का?

कॅस्केड पर्वताच्या पूर्वेच्या या पट्ट्यात मी बरीच वर्षं वनस्पतींच्या नोंदी घेण्याचं आणि विरळणीच्या, म्हणजे दाटीतली काही झाडं काढण्याच्या, खुणा करण्याचं काम करतो आहे. म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून: झुडपं सरसकट काढू नका आणि आणखी रोपं लावू नका. तुमची जमीन बिघडलेली नाही. दोन झाडांमधलं ते अंतर या जंगलाने स्वतः राखलेलं आहे, आणि ते का राखलं हे तुम्हाला त्याच जमिनीत बघता येईल.

एक फावडं घ्या आणि मोठ्या पाइनपासून दहा पावलांवर कमरेइतका खड्डा खणा. वर सुयांचा थर, त्याखाली चार बोटं काळसर माती, मग पिवळट तपकिरी भुसभुशीत थर आणि त्याखाली पांढुरके, वाटाण्याएवढे खडे लागतील. त्यातला एक उचलून पाण्याच्या बादलीत टाका. तो तरंगेल. पाय घासायला वजरीऐवजी जो हलका सच्छिद्र दगड दुकानात मिळतो, तो हाच, प्युमिस. हा थर कुठे हातभर आहे, कुठे पुरुषभर. तो संपला की खाली एकदम वेगळी, तांबूस, चिकट माती लागते. ती इथली जुनी जमीन. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, पर्वताचा माथा आत कोसळला आणि त्या खड्ड्यात आजचं क्रेटर लेक साठलं. ५९४ मीटर खोल, अमेरिकेतलं सगळ्यात खोल सरोवर. त्या स्फोटाची राख पार कॅनडापर्यंत गेली. तुमच्या अंगणातले खडे त्याच वेळचे.

आता काळ्या मातीशी तुलना करू. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा शांतपणे वाहत आला, थरांवर थर साचले आणि पुढे इतका प्रदीर्घ काळ ऊन-पावसात कुजत राहिला की त्याची चिकणमाती झाली. म्हणूनच आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, ओल धरते, अन्नद्रव्यं धरते. प्युमिसचं तसं नाही. ही काच आहे. फेसाळलेल्या अवस्थेत क्षणात गोठलेली, आणि तिला कुजायला अजून पुरता अवधीही मिळालेला नाही. चिकणमाती जवळजवळ नाही, नत्र अगदी थोडं, स्फुरद आणि गंधकही बेताचंच. 'ज्वालामुखीची माती' या एका नावाखाली इतक्या वेगळ्या दोन जमिनी येतात, की एकीचा अनुभव दुसरीला लावला तर फसगत ठरलेली.

पाण्याचं वागणंही इथे चमत्कारिक आहे. प्रत्येक खड्याच्या पोटात छिद्रं असतात, त्यात पाणी राहतं. पण खडे एकमेकांना जेमतेम टेकलेले, त्यामुळे ते पाणी एका खड्यातून दुसऱ्यात सहज जात नाही. खड्ड्याच्या भिंतीवर मुळं कुठे आहेत ते पाहा. वरच्या काळसर थरात दाट जाळं, मधल्या जाड्याभरड्या प्युमिसमध्ये तुरळक, आणि खालच्या जुन्या मातीत पुन्हा गर्दी. मोठा पाइन जगतो तो त्या खालच्या मातीच्या जोरावर. तुमच्या रोपाचं मूळ तिथवर पोचायला काही वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात त्याला मधला कोरडा थर पार करायचा असतो. बेंडला वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने. जून ते सप्टेंबर आकाश कोरडं. आपल्याकडे झाडाच्या वाढीचे दिवस आणि पावसाचे दिवस एकच असतात. इथे वाढीला ऊब मिळते तेव्हा वरून पाणी नसतं.

खाली काय आहे यावर किती अवलंबून असतं ते बघायचं असेल तर एकदा ख्रिसमस व्हॅली गावाच्या पूर्वेच्या लॉस्ट फॉरेस्टला जा. सगळीकडे सेजब्रश या करड्या झुडपाचं वाळवंट आणि मधेच पाँडेरोसा जातीच्या पाइनचं जंगल, सर्वांत जवळच्या दुसऱ्या पाइनच्या जंगलापासून साठेक किलोमीटर तुटलेलं. पाऊस या झाडाला एरवी लागतो त्यापेक्षा बराच कमी. पण वर माझामाची राख मिसळलेली वाळू, जी पडलेला थेंब चटकन आत घेते, आणि खाली जुन्या सरोवराचा कडक तळ, जो तो थेंब निसटू देत नाही. तेवढ्यावर ते जंगल टिकून आहे.

तरी तुमची रोपं मेली ती मुख्यतः तहानेने नव्हे, असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की ठिबक लावलं होतं, आणि जून महिन्यातच शेंडे तपकिरी पडून लोंबले. ही पाळ्याची, म्हणजे रात्री गोठवणाऱ्या थंडीची खूण आहे. प्युमिस म्हणजे जवळपास थर्माकोल. त्याच्या पोटात हवा, त्यामुळे दिवसाची उष्णता खाली जाऊन साठत नाही. दुपारी उघड्या पृष्ठभागाचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकतं आणि निरभ्र रात्री तोच पृष्ठभाग गोठणबिंदूखाली उतरतो, कारण खालून वर येणारी ऊबच नाही. ला पाइनच्या सपाटीवर पाळा पडणारच नाही अशी खात्री देता येईल असा वर्षात एकही महिना नाही. शिवाय हिवाळ्याच्या तोंडाशी वरच्या ओल्या थरात बर्फाच्या सुया वाढतात आणि कोवळं रोप मुळासकट वर उचललं जातं. वसंतात ते जमिनीवर आडवं सापडतं. कोणीतरी उपटून ठेवल्यासारखं दिसतं, पण कोणी हात लावलेला नसतो.

थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि सखल भागात साचते. म्हणून इथे वृक्षरेषा उलटी दिसते. आपण मानतो की डोंगरावर वर जाऊ तशी झाडं संपतात. इथे अनेक ठिकाणी खोलगट तळ उघडा किंवा गवताळ, त्याच्या कडेला लॉजपोल पाइन आणि जरा चढावर पाँडेरोसा. लॉजपोलचं रोप पाळा सोसतं, पाँडेरोसाचं सोसत नाही. तुमच्या जागेत ही रेघ नक्की सापडेल. दोन-दोन सुयांचे जुडगे, पातळ खवलेदार साल आणि लहान शंकू असतील तर ते लॉजपोल. लांब सुया तीन-तीनच्या जुडग्यात आणि जाड, जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारखी जुळलेली साल असेल तर तो पाँडेरोसा. पाँडेरोसाचं तरुण झाड काळपट असतं. दीडशेक वर्षांचं झालं की साल नारिंगी-पिवळी होते. उन्हात तापलेल्या सालीच्या भेगेला नाक लावून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो. तुम्ही चाळीसच्या चाळीस पाँडेरोसा लावलेत, आणि वर्णनावरून बरेचसे त्या खोलगट भागात, कारण 'तिथे झाडं नव्हती'. ती तिथे नव्हती, त्याचं कारण हेच. वाचलेली चार रोपं कुठे आहेत ते बघा. माझा अंदाज आहे की ती चढावर किंवा झुडपाच्या आडोशाला असतील.

इथून झुडपांकडे येऊ, कारण माझा सगळा जीव तिथे आहे आणि लोक त्यांनाच आधी कापतात.

तुमच्याकडे दोन झुडपं आहेत आणि दोन्ही लांबून सारखी दिसतात. दोघांच्या पानांच्या टोकाला तीन दाते. शास्त्रीय नावातही दोघांना 'ट्रायडेंटाटा' हेच विशेषण. पान चुरगाळा. करडं, लवदार आणि तीव्र सुगंधी असेल तर तो सेजब्रश, आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. हिरवट, बिनवासाचं आणि वसंताच्या शेवटी फिकट पिवळ्या फुलांनी भरणारं असेल तर बिटरब्रश, पर्शिया ट्रायडेंटाटा, गुलाबाच्या कुळातलं. सेजब्रशचा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मला एकदम चैत्र आठवला. जोतिबाला वाहतात तो आपला दवणा याच वंशातला, आर्टेमिसिया. घरी आई आली होती तेव्हा तिच्या हातात एक डहाळी दिली. तिने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर दवण्याचा भाऊ." वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

सेजब्रशचं मूळ खोल जातं आणि रात्री ते खालच्या ओलसर थरातलं पाणी वर ओढून वरच्या कोरड्या मातीत सोडतं. हे १९८७ साली युटामधल्या सेजब्रशवर मोजून दाखवलं गेलं. शेजारच्या गवतांनाही त्या ओलीचा वाटा मिळतो. वसंतात ते मोठी तात्पुरती पानं काढतं, उन्हाळा तापला की ती टाकतं आणि लहान पानांवर हिवाळा काढतं. या झुडपाचा इथल्या माणसाशी संबंध तर प्युमिसपेक्षाही जुना आहे. फोर्ट रॉकच्या गुहेत १९३८ साली पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना सेजब्रशच्या सालीच्या विणलेल्या वहाणा सापडल्या, माझामाच्या राखेच्या थराखाली. त्यांचं वय नऊ हजार वर्षांहून जास्त निघालं. स्फोटाच्या आधीपासून इथे माणसं होती, सेजब्रश होता आणि ती माणसं त्याच्यापासून पादत्राणं विणत होती. इथल्या मूळ रहिवासी क्लामथ लोकांच्या परंपरेत त्या स्फोटाची कथा लाओ आणि स्केल या दोन देवतांच्या युद्धाच्या रूपाने आजही सांगतात.

बिटरब्रशचं काम जास्त घरगुती आहे. त्याच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या जिवाणूंच्या गाठी असतात, आणि ते हवेतलं नत्र जमिनीत आणतात, जसं आपल्याकडे तूर-हरभरा आणतात. नत्राला मोताद असलेल्या प्युमिसमध्ये याची किंमत केवढी आहे ते लक्षात घ्या. हिवाळ्यात म्यूल हरणांचं पोट मोठ्या प्रमाणात याच्यावर चालतं, कारण वाळलेल्या गवतापेक्षा त्याच्या डहाळ्यांत प्रथिनं जास्त. आणि त्याची पेरणी करतात त्या चिपमंक नावाच्या छोट्या खारी. बिया गोळा करून त्या जागोजागी पुरून ठेवतात, काही विसरतात, आणि पुढच्या वसंतात एकाच ठिकाणी दहा-वीस रोपांचा झुपका उगवतो. तुम्ही फोटोत 'हे तण गुच्छाने का उगवतंय' असं विचारलंय, तो हाच झुपका. कृपा करून तो उपटू नका.

झुडपं काढली तर पाइन जोमाने वाढतील का, याचंही उत्तर आहे आणि ते तुमच्या घरापासून फार लांब शोधायला नको. ला पाइनजवळच्या प्रिंगल फॉल्स प्रायोगिक वनात, जे १९३१ साली स्थापन झालं, हाच प्रश्न तीन दशकांहून जास्त काळ तपासला गेला. काही तुकड्यांतली झुडपं काढत राहिले, काहींत राहू दिली. सुरुवातीची वर्षं झुडपं काढलेल्या जागेतले पाइन भराभर वाढले, कारण पाण्याला वाटेकरी नव्हता. पुढे तो फायदा ओसरत गेला. आणि माती तपासली तेव्हा झुडपं राखलेल्या तुकड्यांत सेंद्रिय कर्ब आणि नत्र जास्त निघालं. म्हणजे झुडूप आज पाणी घेतं आणि उद्यासाठी माती करतं. पाच-दहा वर्षांसाठी लाकूड पिकवणाऱ्याला हा सौदा परवडणार नाही. तुम्ही तिथे राहणार आहात.

या मोकळेपणाचा खरा कर्ता मात्र आग. पाँडेरोसाची जाड साल, खालच्या फांद्या आपोआप गळणं, लांब सुयांचा हवेशीर, चटकन पेटणारा थर, हे सगळं जमिनीलगत धावणाऱ्या हलक्या आगीशी जुळलेलं आहे. जुन्या बुंध्यांवरचे जळके व्रण आणि वर्षवलयं मोजली की इथे बहुतेक ठिकाणी पंचवीस वर्षांच्या आतच पुन्हा आग यायची असं दिसतं. काही वीज पडून लागायच्या, काही इथले मूळ लोक जाणीवपूर्वक लावायचे. आग कोवळी रोपं मारायची, मोठी झाडं सोडायची. बिटरब्रश आणि सेजब्रश दोन्ही आगीत मरतात. बिटरब्रश कधीमधी बुडातून फुटतो, हा सेजब्रश फुटत नाही. पण आग सलग नसायची, मधे चुकलेले पट्टे राहायचे आणि तिथून बी पसरायचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांनी गवत संपवलं, १९१६ साली बेंडला दोन मोठ्या लाकूड गिरण्या सुरू झाल्या आणि पिवळ्या सालीचे पाइन तोडले गेले. १९३५ पासून तर सरकारी धोरणच असं झालं की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आली पाहिजे. त्यानंतर जे दाट जंगल वाढलं त्याला आज आपण 'हिरवंगार' म्हणतो. १९२० च्या आसपास दक्षिणेकडे क्लामथ आरक्षित प्रदेशात लाकडासाठी झाडं मोजली होती. त्या नोंदींत बऱ्याच भागांत हेक्टरी मोठी झाडं शंभराच्याही आत आहेत. तुमच्या पाच एकरांत, म्हणजे दोन हेक्टरांत, पूर्वीचे बुडखे शोधा. प्युमिसवरच्या कोरड्या हवेत ते फार हळू कुजतात. जिवंत मोठी झाडं अधिक जुने बुडखे, एवढी तिथली मूळ दाटी. फोटोंवरून सांगतो, तुमची जागा त्या जुन्या रूपाच्या बरीच जवळ आहे. अशा जागा आता थोड्या उरल्या आहेत.

आणखी एक खूण: दाट झाडीखाली सेजब्रशचे वाळलेले सांगाडे दिसले, तर समजा की तिथे सावली अलीकडे आली. सेजब्रश सावलीत जगत नाही. तुमच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथे लॉजपोल गर्दी करतायत, तिथे हे सांगाडे असणार. विरळणी करायचीच तर तिथे करा.

मूळ प्रश्नापासून थोडं बाजूला जाऊन लिहितो. सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांवर आपणही ग्लिरिसिडिया लावत सुटलो, आणि माळढोक, तणमोर, लांडगा यांना हवा असतो तो मोकळा माळच आपण बुजवला. माणसं वाईट नव्हती. 'झाड नाही म्हणजे नुकसान' हे आपल्या मनात लहानपणापासून पेरलेलं असतं. तुम्ही लावलेल्या चाळीस रोपांमागेही तेच प्रेम आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आता करायचं काय. आगीचा विमा आणि घराची सुरक्षा हा तुमचा दुसरा धागा होता, आणि तिथे मी झुडपांची बाजू घेणार नाही. बिटरब्रश तेलकट आहे, भडकतो. घराच्या भिंतीपासून दीड मीटरपर्यंत पेटणारं काहीही नको: झुडूप नाही, लाकडाचा ढीग नाही, सालीचा भुसाही नाही. त्यापुढे साधारण दहा मीटरपर्यंत झुडपं अगदी मोजकी, एकमेकांना न भिडणारी, आणि कुठल्याही पाइनच्या फांद्यांखाली एकही नाही, कारण तिथूनच आग शेंड्यावर चढते. मोठ्या पाइनच्या खालच्या फांद्या दोन-तीन मीटर उंचीपर्यंत छाटा. त्यापलीकडे झुडपांची बेटं राखा, मधे गवताचे पट्टे सोडा. हरणांचा रस्ताही तिकडूनच आहे. महामार्ग ९७ खालून लाव्हा ब्यूटजवळ त्यांच्यासाठी २०१२ साली भुयारी वाटा केल्यात, त्या तुम्ही येता-जाता ओलांडत असालच.

विरळणी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात करा. जानेवारी ते जुलैमध्ये तोडलेल्या ओल्या फांद्यांच्या ढिगात साल पोखरणारे भुंगेरे वाढतात आणि पुढे उभ्या झाडांवर जातात. माती खरवडणारं यंत्र आत येऊ देऊ नका. उघड्या पडलेल्या मातीवर चीटग्रास नावाचं तणगवत येतं. ते शरदात उगवतं, जूनमध्ये वाळतं आणि झुडपांमधल्या मोकळ्या जागा वाळक्या गवताने जोडून टाकतं, म्हणजे ज्या अंतरामुळे आग अडायची तेच अंतर जातं. चीटग्रास दिसलं तर बी धरण्याआधी हाताने उपटा आणि त्याजागी आयडाहो फेस्क्यू किंवा स्क्विरलटेल या इथल्याच गवतांचं बी टाका. खत घालू नका. खताचा फायदा सगळ्यात आधी चीटग्रास उचलतं.

कधीकाळी स्थानिक अग्निशमन विभागाच्या परवानगीने नियंत्रित आग लावायचं ठरलं, तर त्याआधी जुन्या पाइनच्या बुंध्याभोवती साठलेल्या सुयांचा ढीग हलक्या हाताने बाजूला ओढा. शंभर वर्षं आग न आल्याने तो ढीग गुडघाभर झालेला असतो, दिवसचे दिवस धुमसतो, आणि ज्वाळेने न मरणारं झाड मुळं भाजून मरतं.

एखाद्या वर्षी पाइनच्या सुया मोठ्या प्रमाणावर खाल्लेल्या दिसल्या तर फवारणीवाल्याला लगेच बोलावू नका. पँडोरा नावाचा पतंग आहे, त्याच्या अळ्या कोषासाठी सैल मातीत शिरतात, म्हणून प्युमिस त्याला मानवतो. वर्षवलयांत त्याच्या साथींची सहाशेहून अधिक वर्षांची नोंद आहे. कळ्या शाबूत राहतात, त्यामुळे बहुतेक झाडं पुन्हा पालवतात. मोनो सरोवराकडचे मूळ रहिवासी पायूट लोक या अळ्या गोळा करून, भाजून, वाळवून खातात. त्यांच्या भाषेत त्यांना 'पियागी' म्हणतात.

राहिली ती चार रोपं. त्यांचं ठिबक या उन्हाळ्यापासून हळूहळू कमी करा, नाहीतर मुळं वरच्याच थरात रेंगाळतील. त्यांच्या शेजारचं झुडूप अजून दहा वर्षं तरी तसंच ठेवा, पाळ्याच्या रात्री तेच त्यांचं पांघरूण आहे. आणि मेलेल्या छत्तीस रोपांचे खड्डे बुजवताना वरची काळसर माती वरच राहील असं बघा. मे महिन्यात त्या भुसभुशीत जागांवर नजर ठेवा. चिपमंकना बी पुरायला अशी माती आवडते, आणि बिटरब्रशचे नवे झुपके मला बहुतेक वेळा अशाच ठिकाणी सापडले आहेत.